दोन दारांचं कपाट

करंजघरच्या पोस्टाच्या भिंतीला जे भोक पाडलं, ते मी सुचवलं होतं. आबाजी मास्तरांनी नाही, त्यांच्या बायकोनं नाही, इन्स्पेक्टरनंही नाही. आमच्या वाडीत लोक अजून म्हणतात, मास्तरानं आपल्याला मागच्या अंगाला घातलं. बारा वर्षं मी ते ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मास्तरला दोन शिव्या माझ्या पदरच्याही घातल्या. त्या शिव्या परत घ्यायला मी हे लिहायला बसलेलो नाही. मास्तर त्यांना लायकच होता. पण भोक माझं होतं.

करंजघर कशेळ्याच्या पलीकडं, मुरबाडच्या रस्त्यापासून आत. टपालाची पिशवी सकाळच्या यष्टीनं फाट्यावर उतरायची. पोस्ट म्हणजे आबाजी मास्तरांच्या घराची पडवी. शाळेतून रिटायर झालेला माणूस, खात्यानं दिलेला एक शिक्का, एक तराजू, एक लाकडी पेटी, झालं पोस्ट. वाटायला आम्ही दोघं. एक सदू, गावातला कुणबी, घरची दोन एकर भाताची जमीन. दुसरा मी, कमळाकर, बौद्धवाडीतला, सातवी नापास. दोघंही खात्याचे कायम नोकर नव्हतो. दिवसाचे तीनचार तास काम आणि त्याचा जो काय तुकडा मिळायचा तो. वाड्या सात. गावठाण धरून चार सदूच्या, तीन माझ्या. माझ्या तीन कुठल्या? आमची बौद्धवाडी आणि डोंगरावरच्या दोन ठाकूरवाड्या. वाटणी कशी झाली ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सदू पडवीत बसून आपली पत्रं निवडून घ्यायचा. माझी मास्तर पायरीवर ठेवायचे आणि मागं सरायचे. मग मी उचलायची. उंच उंच बिल्डिंगी बांधणाऱ्या ह्या देशाच्या कुलाबा जिल्ह्यात, एकोणीसशे त्र्याहत्तर साली, सरकारी टपाल असं पायरीवरून उतरायचं.

त्या पावसाळ्यात सदू हिवतापानं पडला. अकरा दिवस. पत्रं आपापल्या घरी नेऊन ठेवायची आम्हां दोघांची रीत, त्यामुळं चार वाड्यांचं टपाल सदूच्या घरात कणगीवर पडून राहिलं. मी धडधाकट होतो, पण त्याच्या घरात शिरून ती पत्रं कोण आणणार? तक्रार गेली. कर्जतहून इन्स्पेक्टर आले. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "दोन माणसं आहेत आणि एक पडला की अर्धं टपाल बंद? मग दोन ठेवलीत कशाला? आठ दिवसांत व्यवस्था करून मला लिहून कळवा."

व्यवस्था मी काढली. त्याचा मला गर्व होता, आणि एवढ्यापुरता गर्व आजही आहे. मी म्हटलं, टपाल माणसाच्या घरी जायलाच नको. एका जागी राहू दे. सात खणांचं एक कपाट करू. खण वाडीचा, माणसाचा नाही. सदू पडला तर मी सातही वाड्या फिरेन, मी पडलो तर सदू फिरेल. माणूस आडवा झाला तरी पत्र आडवं पडता कामा नये. सदूला पटलं. मास्तरांनाही पटलं. ते म्हणाले, "ठीक. पडवीत बसवू."

आतून आनंदीबाईंचा आवाज आला. मास्तरांची बायको. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, नवऱ्याशी बोलल्या, पण मला ऐकू येईल अशा बेतानं. "पडवीत आपले पाण्याचे हंडे असतात."

एवढंच. मास्तर आपल्या पायांकडं बघत राहिले. सदूनं विडी काढली, पेटवली नाही.

आता इथं नीट ऐका. माझ्या बाजूनं काय नव्हतं? कायदा होता. इन्स्पेक्टरची आज्ञा होती. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि बावीसच्या बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ होत्या. मी म्हणायला हवं होतं, हंडे आत न्या, मी वर येणार. फार तर भांडण झालं असतं. माझ्यावर कुणी काठी उगारली नव्हती, पोटावर पाय दिला नव्हता. कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. आणि मीच म्हटलं, "मास्तर, कपाट भिंतीतच बसवू की. आरपार. दोन दारं करू. एक पडवीकडनं, एक मागच्या अंगणातनं. सदू आतनं उघडंल, मी भाएरनं."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. आनंदीबाई दारात आल्या. "कमळाकर समजूतदार आहे हो," म्हणाल्या. तोवर त्या घरात मी कमळ्या होतो. त्या दिवशी कमळाकर झालो, आणि ते मला गोड लागलं.

भिंत आम्ही दोघांनीच फोडली, सदू आतून, मी बाहेरून. पहारी मधे भेटल्या तेव्हा भोकातून सदूचा डोळा दिसला.

"चोर भिंत फोडत्यात त्ये ठाव होतं," तो म्हणाला. "पोस्टमन फोडत्यात त्ये आजच बघितलं."

"चोराला पगार नस्तो," मी म्हटलं.

"आपल्याला तरी कुटं हाय?"

हसलो आम्ही. सदूशी माझं वैर नव्हतं. बांधावर बसून आम्ही तंबाखू खायचो. चुना तो त्याचा घ्यायचा, मी माझा.

कशेळ्याच्या सुतारानं कपाट केलं. आलेलं टपाल सदू पडवीकडनं खणाखणांत लावायचा, बाहेरच्या दाराची किल्ली माझ्याकडं. मग एक अडचण निघाली. दोन दारं, दोन वेळा. आम्ही एकमेकांना भेटणारच नव्हतो. कुठल्या वाडीचं टपाल कुणी उचललं हे दुसऱ्याला कळायचं कसं? त्यावरही मी तोड काढली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बिल्ले केले. सदूचे गोल, माझे चौकोनी. प्रत्येक खणात मधोमध एक खिळा. टपाल उचललं की आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा. म्हणजे ह्या वाडीचं मी बघतोय, दुसऱ्यानं बघायला नको. फिरून आलो की संध्याकाळी काढायचा. बिल्ला नाही आणि खणात टपाल आहे, तर ज्याच्या नजरेस पडेल त्यानं घेऊन निघायचं.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी माझं दार उघडलं तर पलीकडचं दारही उघडं होतं. सदू होता. खणात माझा एक बिल्ला काढायचा राहिला होता, त्याला तिथं टपाल सारायचं होतं. तो माझा बिल्ला पेन्सिलीच्या टोकानं बाजूला ढकलत होता. पेन्सिलीनं. मी बघतोय हे त्याला दिसलं. त्याचा हात थांबला. वीतभर भिंत होती मधे.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टाच्या वहीत नियम लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. लिहिलं: एकाने दुसऱ्याच्या बिल्ल्यास हात लावू नये. बिल्ला असलेल्या खणातील टपाल दुसऱ्याने हलवू नये. खाली दोघांच्या सह्या.

बघा, किती सरळ दिसतं. दोघांना सारखा नियम. कुणाचा अपमान नाही, कुणाला पेन्सिल शोधायला नको. शिवाशिव मी अशी सरकारी भाषेत बसवली, की इन्स्पेक्टर पुढच्या फेरीला वही वाचून म्हणाले, "वा. शिस्त म्हणतात ती ही. कुणी केलं हे?" मास्तरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. इन्स्पेक्टरनं मान हलवली. मी अंगणात उभा होतो, पाठ ताठ करून.

वाडीतही कौतुक झालं. म्हातारा धाऊ म्हणाला, "झ्याक झालं. आता कुनाच्या पायरीखाली हुबं ऱ्हायाला नको. आपलं पोस्ट येगळं झालं." लोक मागच्या अंगणात यायचे, माझ्या दाराशी उभे राहायचे, माझ्या हातून पत्र घ्यायचे. मास्तरानं आपल्याला मागं घातलं असं एखादा म्हणायचा. मी गप्प बसायचो.

आता बायजाचं सांगतो, कारण नुकसान तिचं झालं.

बायजा ही भीमाबाईची मुलगी. बाप नाही. भीमाबाई भिवपुरीला पॉवर हाउसच्या क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करायची, पहाटे चालत निघायची. बायजा मॅट्रिक झाली, आमच्या वाडीतली पहिली मुलगी. अलिबागेकडं एका ट्रस्टच्या दवाखान्यात नर्सिंगची शाळा होती. राहणं-खाणं तिथंच. तिथला अर्ज तिनं दिवाळीनंतर भरला. शब्द तिचे, पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात. तिचा मामा खालापूरकडचा, त्यानं बहिणीला बजावून ठेवलं होतं, औंदा नंबर लागला तर ठीक, नाहीतर चैतात लगीन. स्थळ बघून ठेवलंय. बायजा मला म्हणाली होती, "दादा, बोलावणं आलं तर एक दिस बी थांबवू नको." मी म्हटलं होतं, "माझ्याच हातानं येईल ते तुझ्याकडं."

जानेवारीत चांगो भेटला, माझा शाळेतला सोबती. तो म्हणाला कुंभिवलीला हायवेवर नवीन कारखाना सुरू झालाय, माणसं घेतायत. "आठ-धा दिस काम बघत्यात. बरा वाटला तर ठेवत्यात. येतोस का बोल." मास्तरांकडं रजा मागायची तर बदली माणूस द्यावा लागायचा, आणि कुठं चाललास हे सांगावं लागायचं. मी मनात म्हटलं, बदली माणूस आहे की. सदू आहे, कपाट आहे. ते केलंय कशासाठी?

मंगळवारी सकाळी मी तिन्ही खणांतलं टपाल उचललं, तिन्ही खिळ्यांना बिल्ले लावले, दाराला कुलूप घातलं. वाड्या फिरलो. वरच्या ठाकूरवाडीहून परत गावात उतरायच्या ऐवजी तसाच कशेळ्याला उतरलो आणि ट्रकमध्ये बसलो. आईला सांगून ठेवलं होतं, मावशीकडं जातोय.

बिल्ले काढायचे राहिलेत हे मला कर्जतच्या अलीकडं आठवलं. नाही आठवलं असं लिहिलं तर खोटं होईल. आठवलं, खिशातली किल्लीही हाताला लागली. उतरून परत जायचं तर कारखान्याची वेळ चुकली असती. मी म्हटलं, सदू समजून घेईल. एकदोन दिवस वाट बघेल आणि काढेल बिल्ले. मी लिहिलेला नियम सदू मोडेल, ह्या भरवशावर मी पुढं गेलो.

नऊ दिवस मी कुंभिवलीला ड्रम धुतले. हाताची साल गेली. नवव्या दिवशी मुकादम म्हणाला, आता गरज नाही. चांगोला ठेवलं, मला नाही. गुरुवारी मी घरी आलो.

घरी जायच्या आधी पोस्टाच्या मागच्या अंगणात गेलो. कुलूप काढत होतो तोच मागं पावलं वाजली. बायजा. पळत आली होती. मी दार उघडलं. आमच्या खणात माझा बिल्ला तसाच, आणि त्याच्याखाली चार पत्रं. तीन कार्डं, एक लांब पाकीट, पत्ता टाइप केलेला.

तिनं ते तिथंच उभ्यानं फोडलं. एकदा वाचलं. मग घडी करून परत पाकिटात घातलं.

"काल होती मुलाखत, दादा," ती म्हणाली.

ती सांगत राहिली, आवाज न चढवता. रोज इथं येत होती. बंद दाराशी उभी राहून मास्तरांना हाक मारायची, माझं काय आलंय का? आतून मास्तर सांगायचे, तुमच्या खणाचं कमळाकर बघतो. पाकीट मागच्या गुरुवारचं आलेलं. म्हणजे सहा दिवस ती त्या पाकिटापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि मधल्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात, कुंभिवलीला.

"सदूभाऊला बी इचारलं मी," ती म्हणाली.

सदू पलीकडून घराला वळसा घालून अंगणात आला होता. दार उघडल्याचा आवाज त्यानं ऐकला असणार. बायजानं त्याच्याकडं तोंड वळवलं. "सांग की. काय बोलले मी तुला?"

"बोललीस," सदू म्हणाला. "कमळाकर गावात नाय, त्याच्या खनातलं बघून दे. मी म्हनलं, बिल्ला हाय."

"मग काडायचा बिल्ला. आतनं हात पोचत होता तुमचा."

"नियम हाय, पोरी. वहीत लिवलाय."

मला राग आला. लाज लपवायची असली की माझा राग लगेच हजर होतो. मी म्हटलं, "सदू, नियम कामासाठी असतो रं. पोरगी रडतीया समोर आनि तू वही दाखवतोस?"

"मी रडले नाय," बायजा म्हणाली.

सदूनं टोपी काढली, खाली चौथऱ्याच्या दगडावर बसला आणि ती गुडघ्यावर ठेवली. "नियम कुनी लिवला?" तो मला म्हणाला. "मला तर लिवता बी धड येत नाय. तू लिवलास, मी सही ठोकली."

मी किल्ली खिशात घातली.

"खरं सांगू का?" तो म्हणाला. "नियम हाय म्हनून नाय काडला, ह्ये खोटं नाय. पर नियम नसता तर काडला असता का, त्ये मला सांगवत नाय. घरी आमची म्हातारी ठकूबाई हाय, तिला काय सांगू? तू लिवलंस न माजं सोपं झालं. त्या दिशी पेन्सिल हातात असताना मला लाज वाटली व्हती, कमळाकर. तू लिवल्यापास्नं लाज बी वाटायची बंद झाली."

बायजा दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. मग तिनं उघड्या दारावर हात ठेवला. "आन ह्ये? ह्ये कुनी काडलं? मास्तरनंच ना?"

सदू उठला. टोपी घातली. "त्ये बी त्यालाच इचार," म्हणाला आणि गेला.

तिनं विचारलं नाही. नुसतं बघितलं. मी बिल्ला काढायला खणात हात घातला आणि उगीच बराच वेळ काढत राहिलो. पोरगी हुशार होती, तेवढ्यात तिला कळलं.

शुक्रवारी ती आईला घेऊन अलिबागेकडं गेली. भीमाबाईनं कामाला खाडा केला. मेट्रनबाईंनी भेट दिली. मार्क बघितले, चार प्रश्न विचारले. म्हणाल्या, यादी मंगळवारी लागेल, एक जागा मी धरून ठेवते. पत्र उशिरा का पोचलं ते पोस्टाकडून लेखी आणा. जे खरं कारण असेल ते, शिक्क्यासकट. सोमवारपर्यंत.

आभाळच उघडल्यासारखं झालं. शनिवारी बायजा माझ्याकडं आली, "दादा, दोन ओळी लिहून दे."

दोनच ओळी होत्या. पोस्टमन कमळाकर रजा न घेता नऊ दिवस गैरहजर होता. खणास त्याचा बिल्ला असल्याने नियमाप्रमाणे दुसऱ्या पोस्टमनने टपाल उचलले नाही. एवढं लिहायचं आणि शिक्का मारायचा. मी कागद पुढं घेतला. रजा न घेता हे शब्द लिहिले की माझं काम संपलं. कारखान्यानं हाकललेलं, आता हेही जाणार. आणि नियमाप्रमाणे लिहिलं की कुणीतरी विचारणार, कसला नियम? कुणाचा? मग वही निघणार, वहीत माझं वळणदार अक्षर.

मी लिहिलं, पोस्टमन कमळाकर हा तापाने आजारी असल्याने.

मास्तरांनी वाचलं आणि पटकन शिक्का मारला. "ताप बरा," म्हणाले. "तापाला कोण विचारतंय. आपण दोघंही मोकळे." आपण दोघं. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं मला आपल्यात धरलं.

बायजानं कागद वाचला. "तुला ताप होता?"

"कागदापुरता हाय गं. शिक्का हाय ना, झालं."

"त्यांनी खरं लिहा म्हटलंय."

"खरं लिवलं तर माझी रोजी जाते, बायजा. आन तापानं तुझं काय बिघडतंय? पत्र उशिरा पोचलं हे तर खरंच हाय."

तिनं कागद पुन्हा एकदा वाचला. मला म्हणाली असती, दुसरा लिहून दे, तर मी कदाचित लिहिला असता. असं मी स्वतःला सांगतो. पण मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, तिचा दादा, वाडीचा पोस्टमन. तिनं घडी घातली.

सोमवारी भीमाबाईला निघता येईना. दुसरा खाडा झाला असता तर क्वार्टर्सातलं काम गेलं असतं. मी बायजाबरोबर गेलो. दवाखान्याच्या आवारात फणसाच्या झाडाखाली बसून राहिलो. ती आत गेली. अर्ध्या तासानं आली आणि समोर उभी राहिली.

"क्लार्कनं कागदावर नंबर टाकला," ती म्हणाली. "मग मेट्रनबाईंनी वाचला. म्हणाल्या, पोस्टमनला काय झालं होतं, मलेरिया का? इकडं साथ हाय म्हणून इचारत होत्या. मी म्हटलं, ताप नव्हता."

"का म्हटलंस असं?"

"मला इचारलं त्यांनी."

मी उठलो आणि सरळ आत गेलो. मेट्रनबाई पांढऱ्या साडीतल्या, चष्मा लावलेल्या, दमलेल्या बाई. मी हात जोडून सगळं सांगून टाकलं. कारखाना, बिल्ले, नियम, भिंत. सगळं. थांबलोच नाही. किती सोपं होतं ते, शनिवारी जे दोन ओळींत मावत होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हेच त्या कागदावर लिहून दिलं असतंत तर?"

"आत्ता देतो, बाई. इथंच लिहितो."

"तो कागद आता आवक झाला. नंबर पडलाय, फायलीत लागलाय. उद्या ट्रस्टी बसतात, ते कागद बघतात. ह्या मुलीच्या नावावर एक खोटा दाखला आणि त्याच्या मागं एक खरा, असं मी त्यांच्यापुढं ठेवू? ते म्हणणार, औषधाचं कपाट हिच्या ताब्यात कसं द्यायचं." त्यांनी चष्मा काढला. "तिनं माझ्यापुढं खोटं बोलायला नाही म्हटलं. अशी मुलगी मला हवी होती. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते?"

"कळतंय," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी अर्ज करायला सांगा तिला."

चैतातल्या लग्नाचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगून त्यांच्या अंगावर ते कशाला टाकायचं?

परतीच्या यष्टीत बायजा खिडकीशी बसली. पेणला चहा विचारला, नको म्हणाली. खोपोलीला गाडी बराच वेळ थांबली. मी खाली उतरून पाणी प्यायलो, वर आलो. ती तशीच. मनात माझी जुळवाजुळव चालू होती. उद्या इन्स्पेक्टरला सगळं लिहून द्यायचं. काम गेलं तर जाऊ दे. वाडीत चारचौघांत उभं राहून सांगायचं, भोक मी पाडलं. असं ठरवताना मला जरा बरंही वाटायला लागलं होतं. तेवढ्यात कर्जत आलं.

स्टँडवर कशेळ्याची गाडी लागलेली होती. उतरल्यावर बायजा थांबली.

"एक इचारू?" ती म्हणाली. "त्यो तापाचा कागद लिवताना तुझ्या मनात काय होतं?"

"नोकरी जाईल, ह्ये होतं."

"कुनाची?"

आता तरी खरं बोलायचं होतं. "माझी."

"माझं काय होतं का मनात? थोडं तरी?"

"नव्हतं," मी म्हटलं. "त्या टायमाला नव्हतं."

तिनं मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. मी घाईनं म्हटलं, "बायजा, मी उद्याच इन्स्पेक्टरला लिहून देतो. खरं काय त्ये सगळं. माझं काम गेलं तरी चालंल."

"दे," ती म्हणाली. "त्ये तुझं हाय. त्यात मला मिसळू नको."

ती गाडीत चढली. खिडकीतून मला दिसत होती. दोन माणसांच्या बाकावर ती बसली आणि आपली कापडी पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. कंडक्टरनं दारातून मला विचारलं, "कशेळं का? चला, सुटतीय."

मी म्हटलं, "मागच्या गाडीनं येतो."

मागची गाडी दोन तासांनी होती.